माशांनी खाल्लेला टीमेन

फोन आला तेव्हा इन्स्पेक्टर ओनी मार्चेना एका गाढवाची चौकशी करत होता. गाढव पोलीस ठाण्याच्या दारात आडवं झालं होतं. ज्याच्या अंगणातून ते आलं, तो माणूस शपथेवर सांगत होता की या गाढवाला आपण जन्मात पाहिलेलं नाही. गाढव मात्र त्याच्याकडे ओळखीनं बघत होतं.

फोनवर उबाल्डो होता, मार्चेनाचा साडू. बंदराजवळ त्याचं पाणबुड्यांचं दुकान. भाड्यानं द्यायच्या हवेच्या टाक्या, वजनाचे पट्टे, एक बोट आणि न थांबणारं तोंड, एवढं त्याचं भांडवल.

"ओनी, माशांनी माणूस खाल्ला."

मार्चेना उभाच राहिला. बोनेर बेटाच्या समुद्रात माणूस खाणारा मासा त्याच्या आजोबांनीही पाहिला नव्हता, आणि आजोबा थापांसाठी अख्ख्या बेटावर प्रसिद्ध होते.

"कुठल्या माशांनी?"

"सगळ्यांनीच. पिवळे आले, पट्ट्यापट्ट्यांचे आले, झाडून सगळे आले." उबाल्डो जरा थांबला. "म्हणजे माणूस आधीच मेलेला होता. डब्यात होता. पण आता त्याची बायको म्हणते, तो तो नव्हताच. तू ये बाबा. मला हे फोनवर नीट सांगता येत नाही."

मार्चेनानं गाढव त्या माणसाच्या नावावर टाकलं आणि निघाला.

उबाल्डोच्या धक्क्यावर ओल्या काळ्या रबरी कपड्यांतली माणसं सुकत घातलेल्या वटवाघळांसारखी कठड्याला लटकली होती. हा हॉलंडच्या उत्तरेकडच्या एका गावातला पाणबुड्यांचा क्लब. दरवर्षी याच आठवड्यात येणारा, याच बोटीत बसणारा, आणि गेल्या वर्षी इथं असं नव्हतं हे दरवर्षी सांगणारा.

मधोमध बाकावर एक साठीची बाई बसली होती. ओले पांढरे केस कपाळाला चिकटलेले. मांडीवर पत्र्याचा डबा, झाकण उघडं. ती डब्यात बघत नव्हती. समोर, पाण्यापलीकडे, धाकट्या बोनेर नावाच्या बेटाच्या सपाट किनाऱ्याकडे बघत होती. ती रेन्स्के.

उबाल्डोनं मार्चेनाला बाजूला घेतलं आणि झालेलं सांगितलं. क्लब ज्यानं काढला तो टीमेन, रेन्स्केचा नवरा, गेल्या नोव्हेंबरात वारला. त्याची राख इथल्या प्रवाळावर सोडायची ठरली होती. सकाळी सगळे उतरले. खाली गोल करून गुडघ्यांवर बसले. रेन्स्केनं झाकण काढलं, पांढुरका ढग उठला, आणि पुढच्या क्षणी अख्खा समुद्र जेवायला आला.

"राखेवर मासे येत नाहीत, ओनी. मी किती जणांना सोडलंय खाली. मासे बाजूला होतात, अदब असल्यासारखे. आज लग्नाची पंगत. एक पोपटमासा तर डब्यात तोंड घालून बसला. ती बाई हातानं हाकलतेय, त्यांना काय त्याचं."

मार्चेनानं डबा मागितला. रेन्स्केनं तो दिला, पण एक बोट कडेवर ठेवूनच. तळाशी ओला पिवळट लगदा होता. त्यानं चिमूट जिभेवर ठेवली. बेटावर जन्मलेल्या माणसाला दुसऱ्यांदा चाखावं लागत नाही.

"फुंचीचं पीठ. मक्याचं."

मग त्यानं तळापर्यंत बोट खुपसलं. लगद्यात काळपट दाणे होते, मिरीएवढे, बरेच. एक त्यानं दाताखाली धरला आणि दात सांभाळून लगेच बाहेर काढला. फुंचीत मिरी कोण घालतं? त्यानं तो दाणा शर्टाच्या खिशात टाकला आणि कुणाला काही बोलला नाही.

या मार्चेनाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. चारी बाजूंनी समुद्र असलेल्या बेटावर पन्नास वर्षं काढून त्यानं आजवर डोकं पाण्याखाली घातलेलं नव्हतं. समुद्र माशांचा, बकऱ्या आपल्या, हे त्याचं तत्त्वज्ञान. त्याच्या हाती येणारे गुन्हेही तसेच, कोरडे. बकरी चोरीला जाते. पाहुणे पाण्यात असताना त्यांच्या गाडीतून चपला जातात. माणूस चोरीला गेल्याची ही पहिलीच वेळ.

"डबा रात्री कुठं होता?" त्यानं रेन्स्केला विचारलं.

"आम्ही राहतो त्या घरात. स्वयंपाकघराच्या फळीवर, कॉफीशेजारी. सगळे त्याच घरात राहतो."

"दाराला कुलूप?"

"तुम्ही लोकच सांगता ना, इथं काही बंद करायचं नाही म्हणून."

ते गाड्यांबद्दल सांगतात, चोरानं काच फोडू नये म्हणून, हे मार्चेनानं तिला सांगितलं नाही.

तिनं मग विचारल्याशिवायच सांगितलं. टीमेन तीस वर्षं मागं लागला होता, एकदा उतर, एकदा बघ खाली काय आहे ते. ती म्हणायची, माझे गुडघे, माझे कान, माझा केक भट्टीत आहे. तो गेल्यावर ती गावच्या तरणतलावात पोरासोरांबरोबर शिकली. आजची तिची समुद्रातली पहिलीच खोल बुडी.

"कसा गेला तो?"

"आमच्याकडच्या तळ्यात. गढूळ पाणी, थंडी. बाउके त्याचा जोडीदार होता. जोडीनंच उतरायचं असतं, जोडीनंच वर यायचं. पाण्यात एकमेकांची चुकामूक झाली. अशा वेळी एक मिनिट शोधायचं आणि वर यायचं, असा नियम आहे. कारण दुसराही तेच करतो, आणि वर भेट होते." ती थांबली. "बाउके वर आला. टीमेन खाली बेशुद्ध पडला होता, त्याचं हृदय बंद पडलं होतं. चौकशी झाली. सगळे म्हणाले, बाउकेनं सगळं नियमानं केलं. क्लबनं त्यालाच अध्यक्ष केलं."

"तुम्ही काय म्हणालात?"

"तो त्यानंतर माझ्याशी बोलतच नाही. विमानाची तिकिटं, खोल्या, जेवण, त्याबद्दल बोलतो."

मार्चेना उठणार, तर तिनं डब्याची कडा धरली.

"साहेब, उद्या सकाळी आमचं विमान आहे. तो मिळाला नाही तर नाही मिळाला, मी रडणार नाही इथं. पण मला एक सांगा. रोज झोपताना मी त्याच्याशी बोलते. काल रात्री पण बोलले, फळीपाशी उभी राहून, बराच वेळ. म्हणजे मी पिठाशी बोलत होते का?"

मार्चेनानं टोपी नीट केली. मग तो सावलीत विणत बसलेल्या बाईकडे वळला.

ही ग्रीटबाई, टीमेनची मोठी बहीण. पाण्यात न उतरणारी एकटीच. क्लबातले लोक डोळ्यांनी तिच्याकडेच बोट दाखवत होते. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. टीमेनची राख दोन घरांत वाटली गेली होती. अर्धी ग्रीटबाईंनी गावच्या चर्चमागं आईबापांशेजारी पुरली, अर्धी रेन्स्केकडे आली.

"माझा भाऊ म्हणजे चीज आहे का मधून कापायला?" ग्रीटबाई सुई न थांबवता म्हणाल्या. "उद्या न्यायाच्या दिवशी तो उठणार कसा? एक पाय आमच्याकडे आणि एक तुमच्या पोपटमाशांकडे?"

"म्हणून तुम्ही घेतला?"

"घ्यावासा वाटला. रोज वाटला. पण मी चोर नाही."

"पीठ तुमच्याच स्वयंपाकघरातलं आहे."

"असणारच. सकाळी मी त्याचे पॅनकेक करणार होते. पाकीट बघते तर रिकामं. आणि इन्स्पेक्टर, मी चोरायचं ठरवलं असतं ना, तर मी वाळू भरली असती. दारातच आहे, फुकट आहे, दिसायलाही तशीच. सहा दिवसांत मी तुमच्या दुकानांतले भाव पाहिलेत. तुमच्याकडचं पीठ मी माशांना घालीन?"

मार्चेनाला हे पटलं. बाईच्या पिशवीतून एक गुलाबी शिंपला आणि पांढऱ्या प्रवाळाचे तुकडे डोकावत होते. खिडकीत मांडायला, त्या म्हणाल्या. हे उचलायला इथं बंदी आहे, असं त्यानं सांगितलं तेव्हा सुई पहिल्यांदा थांबली.

"मला कुणी नाही सांगितलं."

"पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगतात. हातमोजे घालायचे नाहीत, कशाला हात लावायचा नाही, वाळू-शिंपले न्यायचे नाहीत, माशांना खायला घालायचं नाही."

"ते पाण्यात उतरणाऱ्यांना. मी बाहेर विणत होते."

धक्क्याच्या टोकाला गोड्या पाण्याची मोठी टाकी होती. तिच्यावर वाकून एक उंच, हाडकुळा माणूस सगळ्यांचे वजनाचे पट्टे धूत होता. पट्ट्याला कापडी थैल्या असतात, आणि त्यांत पाणबुड्याला खाली नेणारं शिसं. माणूस एकेक थैली उचलायचा, अंगठ्यानं दाबायचा, बाजूला ठेवायचा. मग पुढची.

हा अध्यक्ष बाउके. कठड्यावरचं एक वटवाघूळ दुसऱ्याला म्हणालं, तीस वर्षांत यानं स्वतःचा पाण्यातला चष्मासुद्धा कधी धुतला नाही. दुःखानं माणूस सुधारतो, दुसरं म्हणालं.

"धुण्याचं काम दुकानाचं नाही का?" मार्चेनानं विचारलं.

"मदत करतोय."

"खाली तुम्ही कुठं बसला होतात?"

"रेन्स्केच्या डाव्या हाताला."

"पीठ आहे हे कधी कळलं?"

"मासे आले तेव्हा." बाउकेनं ओला हात कपाळाला पुसला. "मला वाटलं नव्हतं. म्हणजे, कुणालाच वाटलं नव्हतं."

"मला एक कोडं पडलंय," मार्चेना म्हणाला. "राख काढून दुसरं काही भरायचं, तर समोर किनाराभर वाळू पडलीय. चोरानं ती का नाही भरली?"

"वाळू न्यायला बंदी आहे," बाउके लगेच म्हणाला.

"एक डबाभर?"

"एक मूठसुद्धा. पहिल्या दिवशी सांगतात."

मार्चेनानं मान डोलावली, आभार मानले आणि उबाल्डोला गाठलं. सकाळी बोटीवर आणखी काही वेगळं घडलं का, काहीही, हसण्यासारखंसुद्धा?

हसण्यासारखं एक होतं. तीस वर्षं बुड्या मारणारा हा बाउके आज बुडेचना. सगळे खाली गेले आणि अध्यक्ष वर बुचासारखे तरंगत. उबाल्डो त्याला म्हणाला, काल बकऱ्याचं मटण फार झालं वाटतं. प्रवाह ओढत होता, बाई दोरीला धरून खाली वाट बघत होती. शेवटी उबाल्डोनं त्याचा पट्टा सोडवून घेतला आणि स्वतःचा दिला.

"तर हा सोडेना. माझा आहे, माझा आहे, करत बसला. अरे, तुझा कसला, माझ्या दुकानाचा. ओढून घेतला आणि टाकला पेटीत. हलका लागला हाताला. या जुन्या थैल्यांतून शिशाचे छर्रे गळतात, शिवून शिवून माझी बायको कंटाळली."

"पेटी कुठाय?"

"ही काय, टाकीपाशी. त्यातले काही पट्टे दुपारी गिऱ्हाइकांना गेले."

मार्चेनानं खिशातला दाणा काढून त्याच्या तळहातावर ठेवला. उबाल्डोनं तो बोटांत फिरवला आणि साडूकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं तोंड बंद झालं.

मार्चेनानं सगळ्यांना बाकाभोवती बोलावलं. बाउके टाकीपासून हलायला तयार नव्हता. त्याला हाताला धरून आणावं लागलं.

"चोरी पहाटे झाली की रात्री, ते मला सांगता येत नाही," मार्चेनानं सुरुवात केली. "ते चोरच सांगेल. बाकीचं सांगतो. संशय ग्रीटबाईंवर होता, कारण त्यांना भाऊ घरी न्यायचा होता. पण त्यांना इथले नियम माहीत नाहीत. त्यांच्या पिशवीत अर्धा किनारा आहे. त्यांनी डोळे झाकून वाळू भरली असती. वाळू भरली असती तर मासे आले नसते, आणि मी अजून गाढवापाशी असतो."

ग्रीटबाईंनी पिशवी पायानं बाकाखाली सरकवली.

"म्हणजे चोर असा, की ज्याचा हात मेलेल्या मित्राला डब्यातून काढायला कचरला नाही, पण बेटाची मूठभर वाळू उचलायला कचरला. असा माणूस जगात कमी सापडतो. वाळूचा नियम त्यानं पाळला, म्हणून पीठ घेतलं. आणि पीठ घेतलं म्हणून माशांना खायला घालू नये हा दुसरा नियम मोडला. बिचाऱ्याच्या लक्षातच आलं नाही."

उबाल्डोनं दाणा सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"नुसत्या पिठाचा डबा पाण्यात तरंगला असता, हाताला हलकाही लागला असता. म्हणून तळाशी वजन घातलंय. हे छर्रे. उबाल्डोच्या पट्ट्यांच्या थैल्यांतले. आता छर्रे डब्यात आले, तर थैल्यांत काय गेलं? सकाळी एकच माणूस बुडत नव्हता. शिशाच्या जागी त्याच्या कमरेला काहीतरी हलकं होतं. उबाल्डोनं तो पट्टा काढून घेतला तेव्हा तो भांडला. आणि आल्यापासून तोच माणूस सगळ्यांच्या थैल्या अंगठ्यानं चाचपतोय. तो धूत नाहीये. तो शोधतोय."

रेन्स्के हळूहळू वळली.

"बाउके?"

बाउके उभा होता. ओल्या हातांतून पाणी ठिबकत होतं.

"पहाटे," तो म्हणाला. "तू आंघोळीला गेलीस तेव्हा. रात्री तू त्याच्याशी बोलत होतीस ते भिंतीतून मला ऐकू येत होतं. तेव्हा तोच होता, रेन्स्के. मी पहाटेपर्यंत थांबलो."

रेन्स्केचे डोळे मिटले. मार्चेनानं तिच्याकडे बघायचं टाळलं.

"का?" हे ग्रीटबाईंनी विचारलं. आवाज धारदार होता, पण काठावरच फाटला.

"तुम्ही सगळे त्याला खाली सोडून वर येणार होतात." बाउके ओल्या तळहातांकडे बघत होता. "मी एकदा आलोय. एक मिनिट शोधलं आणि आलो. वर आलो, तो नव्हता. मला वाटलं, येईल. मी पाण्यावर थांबून राहिलो, चौकशीत म्हणाले, बरोबर केलंस. मला पुन्हा तसं वर यायला जमलं नसतं. म्हणून कमरेला बांधला. एकदा त्याला घेऊन खाली जायचं, आणि त्याला घेऊनच वर यायचं. एवढंच. मग संध्याकाळी मी तुला दिला असता. सांगितलं असतं."

"आणि मी पीठ सोडलं असतं."

"हो."

"आणि रडले असते त्या पिठावर."

"हो," बाउके म्हणाला. मग लहान मुलासारखा म्हणाला, "आणि आता तो कुठाय ते मला माहीत नाही. पेटीत नाहीये."

उबाल्डोनं घसा खाकरला. दुपारी एक बेल्जियन दंतवैद्य बायकोबरोबर दक्षिणेला गेला, तो म्हणाला. धिप्पाड माणूस. सगळ्यात मोठा पट्टा घेऊन गेला.

उबाल्डोच्या पिकअपमध्ये पुढं रेन्स्के आणि मार्चेना बसले. मागं टाक्या, साधनं आणि त्यांच्यात अंग चोरून बाउके. ग्रीटबाईंना कुणी बोलावलं नव्हतं. त्या येऊन बाउकेशेजारी टाकीवर बसल्या आणि म्हणाल्या, भाऊ माझाही आहे.

दक्षिणेचा रस्ता पाण्याला चिकटून जातो. एका हाताला मिठाचे पांढरे ढीग, दुसऱ्या हाताला समुद्र. थोड्याथोड्या अंतरावर पिवळा रंगवलेला दगड, म्हणजे इथून उतरा. प्रत्येक दगडापाशी भाड्याची पिकअप, सगळ्या पांढऱ्या, सगळ्या सारख्या. गाडी ओळखायची सोय नव्हती. मार्चेनानं उबाल्डोला सांगितलं, गाड्या बघू नकोस. बुडत नसलेला माणूस बघ.

तो चौथ्या की पाचव्या दगडापाशी दिसला. एक अगडबंब गृहस्थ पाठीवर तरंगत होता, पोट आकाशाकडे, हात हलवत. त्याची बायको गुडघाभर पाण्यात उभी राहून इतकी हसत होती की तिला धड उभंही राहता येत नव्हतं.

दंतवैद्य उबाल्डोला बघताच किनाऱ्यावर आला आणि सुरू झाला. ही कसली फसवणूक. पूर्ण पैसे घेता आणि हे देता. त्यानं कमरेचा पट्टा काढून वाळूवर आपटला. चार थैल्यांपैकी एक सुरीनं फाडलेली होती, आतली प्लास्टिकची पिशवीही.

"शिशाच्या जागी हे राख भरतात," तो रेन्स्केला साक्षीला धरून म्हणाला. "राख हो, बाई. चुलीतली असते तशी."

आयुष्यात त्याचं निदान इतकं अचूक कधी आलं नसेल.

"ती कुठं टाकलीत?" रेन्स्केनं विचारलं.

"इथंच, पाण्यात. झटकली."

"काही म्हणालात का टाकताना?"

दंतवैद्याला प्रश्न कळला नाही. शिवी दिली, तो म्हणाला. मग उबाल्डो त्याच्या कानाशी लागला आणि दोन वाक्यं बोलला. त्या भल्या मोठ्या माणसाचा चेहरा जागच्या जागी कोसळला. बायकोचं हसू थांबलं. तो तिथंच पाण्याच्या कडेला बसला आणि माफ करा, माफ करा, म्हणत राहिला. त्याला गप्प कसं करावं हे कुणालाच समजेना.

रेन्स्केनं पट्टा उचलला. तीन थैल्या शाबूत होत्या. एकेक तिनं तळहातावर घेऊन पाहिली, नव्या बाळाला उचलून बघतात तशी. मग पट्टा ग्रीटबाईंपुढे धरला. ग्रीटबाईंनी एका थैलीवर हात ठेवला, ओठ हलवले आणि हात काढून घेतला.

"थोडा इथं गेलाच आहे," रेन्स्के म्हणाली. "बाकीचाही इथंच जाऊ दे. मला त्याचे आणखी तुकडे करायचे नाहीत."

तिनं गाडीतून टाकी ओढली. तिच्यानं ती उचलवेना. उबाल्डो पुढं झाला, पाठीवर चढवून दिली, बंद आवळले. ती पाण्याकडे निघाली. घोट्यापर्यंत गेली, गुडघ्यापर्यंत गेली. मार्चेना बाउकेकडे बघत होता. बाउके गाडीच्या मागच्या चाकापाशी उभा होता, दोन्ही हात छातीशी धरून.

"एकटीनं उतरायचं नाही," तो म्हणाला. "नियम आहे."

रेन्स्के थांबली. वळली. सकाळपासून, किंवा नोव्हेंबरपासून म्हणा, तिनं त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मार्चेनाला वाटलं, आता ती त्याला काहीतरी असं बोलेल की तो तिथंच संपेल.

"मग चल," ती म्हणाली.

इतक्या उशिरा बुडी मारली, तर दुसऱ्या सकाळी विमानात बसायचं नसतं. रक्तात हवेचे बुडबुडे होतात, माणूस मरतोसुद्धा. हे तर मार्चेनालाही माहीत होतं. बाउकेला माहीत नसेल, असं शक्यच नव्हतं. मार्चेना वाट बघत राहिला. बाउके काही बोलला नाही. त्यानं टाकी चढवली, उबाल्डोकडून शिशाचा पट्टा घेतला आणि तिच्या मागोमाग पाण्यात गेला.

दोघांची डोकी दिसेनाशी झाली. मग नुसते बुडबुडे.

काठावर ग्रीटबाई मार्चेनाशेजारी उभ्या राहिल्या. रेन्स्केचा रोजचा चष्मा त्यांच्या मुठीत होता. किती वेळ लागतो हो याला, त्यांनी विचारलं. मला नाही माहीत, मार्चेना म्हणाला, मी कधी डोकं खाली घातलं नाही. मीही नाही, त्या म्हणाल्या. दोघं बुडबुड्यांकडे बघत राहिले. दोन माळा होत्या, शेजारीशेजारी. मध्येच एका जागी दोन्ही बराच वेळ थांबल्या. मग पुढं सरकल्या, आणि वाऱ्यानं पाण्यावर सुरकुत्या आणल्या तेव्हा एकही दिसेना.

ग्रीटबाईंनी मार्चेनाची बाही धरली. त्यानं सोडवून घेतली नाही.

डोकी वर आली ती उतरले होते तिथं नाही, बरीच डावीकडे, खडकापाशी. आधी एक, लगेच दुसरं. रेन्स्केच्या हातात काही नव्हतं. म्हणजे एका हातात नव्हतं. दुसऱ्या हातानं तिनं बाउकेच्या खांद्याचा बंद मुठीत धरला होता. तो पुन्हा पुन्हा तोंड पाण्यात घालून खाली बघायला जायचा, आणि ती त्याला ओढून वर करायची. किनाऱ्याला पाय लागेपर्यंत ती तेवढंच करत आली.